दोन-अडीच हजारांत धावायचे शूज: ठाण्यातल्या नवख्यांसाठी

"धावायला सुरुवात करायचीय, हातात दोन-अडीच हजार आहेत, कुठले शूज घेऊ?" उपवनला किंवा कचराळी तलावावर रोज पहाटे दिसणाऱ्या माणसांना नवे लोक हमखास हा प्रश्न विचारतात. उत्तरादाखल एखाद्या कंपनीचं नाव सांगता येतं, पण सांगणाऱ्याच्या पायाला बसलेला शूज ऐकणाऱ्याच्या पायाला बसेलच असं नाही. म्हणून इथे नावांची यादी देत नाही. आपला पाय कसा मोजायचा, शूज हातात घेतल्यावर काय बघायचं, पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, हे क्रमाने सांगतो.

पैसे कमी आहेत म्हणून धावणं पुढे ढकलू नका, हे सगळ्यात आधी. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या किमतींचे रनिंग शूज लोकांच्या पायात घालून तळव्यावर पडणारा दाब मोजला. २००८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये छापलेल्या त्या अभ्यासात स्वस्त आणि मध्यम किमतीचे शूज धक्का सोसण्यात महागड्यांच्या तोडीचे ठरले. पण यातला स्वस्त शूजही ४० पौंडांच्या पुढचा होता. स्टेशनबाहेर पाचशेला मिळणाऱ्या जोडीला हा निष्कर्ष लावू नका. धावण्यासाठी म्हणून बनवलेला साधा शूज पुरतो, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

कुठे धावणार, किती धावणार

खरेदीला निघण्यापूर्वी याचं उत्तर तयार ठेवा, कारण ठाण्यात जागा बदलली की पायाखालची जमीनही बदलते. कचराळी तलावाभोवतीची वाट सपाट आहे, फेऱ्या छोट्या होतात. तलावपाळीला फरसबंदी आणि गर्दी, त्यामुळे सारखं वळावं लागतं. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडला काँक्रीट आणि मध्येच उखडलेले पेव्हर ब्लॉक. उपवनवरून येऊरला गेलात तर जाताना चढ आणि परतताना लांब उतार. या उतारावर पाय शूजमध्ये पुढे सरकतो आणि पुढची जागा कमी असेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं. येऊरचा गावापर्यंतचा रस्ता डांबरी आहे, त्यासाठी डोंगरवाटांसाठीचे खोल खाचांचे ट्रेल शूज लागत नाहीत. रस्त्यावरचे साधे शूज पुरे.

किती धावणार हेही महत्त्वाचं. नवखा माणूस आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चारेक किलोमीटर धावला तर आठवड्याचे १२ किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला सुमारे ६००. रनिंग शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असं धरतात. म्हणजे एक बरी जोडी वर्षभर सहज जाते. दोन हजारांची जोडी ५०० किलोमीटर चालली तर किलोमीटरला चार रुपये पडले. नऊशेच्या जोडीचा फोम दोनशे किलोमीटरमध्येच दबून निकामी झाला तर साडेचार रुपये, शिवाय नडगीचं दुखणं वेगळं.

बजेट कसं वाटायचं

माझं स्पष्ट मत आहे की हजाराच्या खालच्या शूजमध्ये चालावं, धावू नये. त्यात अपवाद असतीलही, पण ते ओळखायला नजर लागते आणि ती नवख्याकडे नसते. दीड ते अडीच हजारांत भारतीय कंपन्यांच्या धावण्याच्या जोड्या आणि खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानांचे स्वतःच्या नावाचे शूज मिळतात. नव्याने धावणाऱ्या बहुतेकांचं काम इथेच भागतं. मोठ्या परदेशी कंपन्यांचे सुरुवातीच्या श्रेणीतले शूज एरवी याच्या वरच्या किमतीला असतात. सेलमध्ये उतरले तर बघायला हरकत नाही.

किमतीत एक रेषा लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. करापूर्वी २,४०० ची जोडी करासकट २,५२० ला पडते, तर २,६०० ची जोडी ३,०६८ ला. मूळ किमतीत दोनशेचा फरक, खिशातून मात्र साडेपाचशेच्या आसपास जास्त जातात. तुमचं बजेट या रेषेच्या जवळ असेल तर अलीकडेच थांबा.

आणि सगळे पैसे शूजवर उडवू नका. दोन-तीनशे रुपये मोज्यांसाठी बाजूला ठेवा. आपल्याकडच्या घामात सुती मोजे भिजून पायाला चिकटतात आणि फोड येतात. पॉलिस्टर किंवा नायलॉन मिश्रणाचे, टाचेला आणि चवड्याला जरा जाड असे मोजे घ्या. शूज बघायला जाताना तेच पायात हवेत, म्हणून मोजे आधी आणा.

पाय घरीच मोजा

बरेच लोक "मी आठ नंबर घालतो" एवढ्यावर शूज घेतात. कंपनीगणिक आठ नंबर वेगळा असतो, त्यामुळे सेंटिमीटरमध्ये मोजणं उत्तम. वेळ संध्याकाळची घ्या. दिवसभर उभं राहून, लोकलने प्रवास करून पाय किंचित फुगलेले असतात आणि धावतानाही ते फुगतात.

कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन ताठ उभे राहा. खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, कारण वाकलं की वजन पुढे जातं आणि माप चुकतं. सगळ्यात लांब बोटापुढे रेघ मारायची. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तिथे त्याच बोटाचं माप धरायचं. मग चवड्याची सगळ्यात रुंद जागा मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप खरं माना. हा कागद घडी करून पाकिटात ठेवा, दुकानात उपयोगी पडेल.

शूजच्या जिभेवर आतल्या बाजूला छोटं लेबल असतं. त्यावर यूके, यूएस, ईयू आणि बहुतेक वेळा सेंटिमीटरचा आकडा छापलेला असतो. यूकेचा एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, आणि हा फरक मोठा आहे. स्वस्त जोड्यांमध्ये बहुधा अर्धे नंबर नसतात. तुम्ही आठ आणि नऊच्या मधे अडकलात तर धावण्यासाठी नऊ घ्या आणि टाच लेसने आवळा. ऑफिसच्या बुटांपेक्षा धावण्याचा शूज अर्धा ते एक नंबर मोठा असणं सर्वसाधारण आहे.

रुंदीकडे तर फारच कमी लोक बघतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर पाय मोजून जी पाहणी केली, तिच्यातून भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं पुढे आलं. परदेशी साच्यावर बेतलेला निमुळता शूज करंगळीला चावतो, मग आपण लांबीत मोठा नंबर घेतो आणि टाच सुटते. त्याऐवजी पुढून रुंद असलेला दुसरा मॉडेल शोधा. महिलांचे शूज टाचेला आणि चवड्याला अरुंद असतात. पाय रुंद असलेल्या बाईने पुरुषांच्या विभागातला शूज घालून बघायला काहीच हरकत नाही, फक्त टाच घट्ट बसते ना एवढं पाहावं.

सपाट पाय, कमान आणि ओल्या पावलाची चाचणी

ओलं पाऊल फरशीवर उमटवून तळव्याची कमान ओळखायची आणि त्यावरून शूज निवडायचा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरमधल्या प्रशिक्षणार्थींवर याचीच परीक्षा झाली. काहींना कमानीच्या आकारानुसार शूज दिले, काहींना सरसकट एकच प्रकार दिला. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी पुढे मांडलेला विचार मला पटतो: जो शूज पायाला आरामदायक वाटतो तो निवडावा, शरीर बऱ्याच अंशी योग्य कौल देतं.

म्हणून तुमचा पाय सपाट असेल पण दुखत नसेल, तर "सपोर्ट"वाल्या शूजसाठी हजार रुपये जादा मोजू नका. टाच, गुडघा किंवा नडगी आधीपासून दुखत असेल, किंवा मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर मात्र खरेदीआधी डॉक्टरांना दाखवा. तिथे इंटरनेटवरचा कुठलाच लेख पुरा पडणार नाही, हासुद्धा.

दुकानात

गोखले रोड, राम मारुती रोड, मॉल, घोडबंदर रोडवरची आउटलेट, कुठेही जा, पण गर्दीच्या रविवारी संध्याकाळी जाऊ नका. मधल्या वारी गेलात तर विक्रेता चार जोड्या काढून दाखवतो आणि तुम्हालाही घाई होत नाही.

शूज पायात घालण्याआधी हातात तपासा. टाचेचा कप, म्हणजे टाचेला मागून धरणारा भाग, दोन बोटांनी दाबा, तो सहज चेपता कामा नये. मग टोक आणि टाच धरून वाकवा. शूज चवड्याजवळ वाकला पाहिजे, जिथे आपली बोटं वाकतात तिथे. मधोमध दुमडला तर परत ठेवा. कपडा पिळतात तसा जरा पिळून बघा, थोडा विरोध जाणवायला हवा. मधल्या फोमच्या बाजूला अंगठा जोरात दाबा: थोडा आत जाऊन लगेच वर आला पाहिजे. दगडासारखा कडक किंवा दाबलेला खड्डा तसाच राहणारा, दोन्ही नकोत. सपाट काउंटरवर जोडी ठेवून मागून पाहा, एखादा शूज आत किंवा बाहेर कललेला दिसतो का. कमी किमतीच्या मालात चिकटवण्याचं काम कधी कधी वाकडं झालेलं असतं आणि त्याच मॉडेलची दुसरी जोडी सरळ असते. शेवटी आत हात घालून शिवण चाचपा. बोटाला टोचणारी शिवण पाच किलोमीटरवर फोड आणते.

तळ उलटा करून नीट पाहा. टाचेला आणि चवड्याला तरी रबर हवं. कित्येक स्वस्त शूजना खाली नुसता फोमच असतो, तो काँक्रीटवर लवकर झिजतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवरून धावायचं असेल तर इथे तडजोड करू नका. वजनही हातात तोलून बघा. आठ नंबरचा एक शूज अडीचशे ते तीनशे ग्रॅमच्या आसपास असावा. साडेतीनशेच्या पुढे गेला तर त्यात धावण्यापेक्षा दिसण्याचा विचार जास्त आहे.

"मेमरी फोम" या शब्दावर भाळू नका. दुकानात पाय घातला की गादीसारखं वाटतं, पण तो वरचा मऊ थर धावताना दाबून सपाट होतो, काम खालच्या फोमलाच करायचं असतं. टाचेतली पारदर्शक "एअर"ची खिडकीही स्वस्त शूजमध्ये बहुधा नुसतीच प्लॅस्टिकची सजावट असते.

आता घाला. दोन्ही पायांत, स्वतःचे मोजे घालून, लेस शेवटपर्यंत बांधून. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. आतला इनसोल, म्हणजे तळव्याखालचा सुटा थर, निघत असेल तर बाहेर काढून त्यावर उभे राहा, पाय कडेने बाहेर सांडला तर शूज अरुंद आहे. मग "दादा, दोन मिनिटं पळून बघतो" असं सरळ सांगा आणि दुकानातल्या दुकानात हळू धावा. दुकानाबाहेर उतार किंवा पायऱ्या असतील तर परवानगी घेऊन उतरून पाहा. बोटं पुढे आपटली तर येऊरच्या उतारावर तेच हजार वेळा होणार. टाच थोडी सुटत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस ओवून फास करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

विक्रेता म्हणेल, "घातल्यावर सैल होतात." वरचं कापड थोडं सैल होतं हे खरं, पण लांबी कधीच वाढत नाही. पहिल्या मिनिटाला चावणारा शूज घेऊ नका, सूट कितीही असो.

खोक्यावरचा महिना आणि वर्ष

कमी बजेटवाल्यांनी हा भाग नक्की वाचावा, कारण सर्वांत मोठी सूट जुन्या मालावर असते. पॅकबंद मालाच्या खोक्यावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता आणि तयार झाल्याचा महिना-वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तो महिना वाचा.

काही शूजचा सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. दमट हवेतल्या बाष्पाने हे रसायन हळूहळू तुटत जातं. शूज एकदाही न घालता खोक्यात पडून राहिला तरी ही क्रिया चालूच असते आणि मग एके दिवशी सोलचा चुरा होतो. खाडीकाठच्या आपल्या हवेत हे लवकर घडतं. ट्रेकला जाणाऱ्यांनी जुन्या बुटांचा सोल भर डोंगरात सुटलेला पाहिलेला असतो, त्यामागे बहुधा हेच कारण. धावण्याच्या बहुतेक शूजचा फोम ईव्हीए नावाच्या वेगळ्या प्लॅस्टिकचा असतो, तो असा भुगा होत नाही, पण पत्र्याच्या तापलेल्या गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या जोडीचा गोंद मात्र सुकतो. म्हणून वर्षभरापूर्वीचा माल बिनधास्त घ्या, मागच्या वर्षीचा रंग आहे म्हणून मिळणारी सूट हा सर्वांत चांगला सौदा. दीड-दोन वर्षांचा असेल तर सोलची कड नखाने उचलून पाहा. तीन वर्षांच्या पुढचा नको.

ऑनलाइन घेताना

दुकानात माप पक्कं करून तोच मॉडेल ऑनलाइन स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्या. पाय न घालता घ्यायचाच असेल, तर परत करण्याची मुदत किती आणि पैसे परत मिळतात की नुसता नंबर बदलून मिळतो, हे आधी वाचा. विक्रेता कोण हेही पाहा. कंपनीची स्वतःची साइट किंवा अधिकृत विक्रेता असेल तरच. पार्सल फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. शूज पहिले दोन दिवस घरातल्या स्वच्छ फरशीवरच घाला, टॅग काढू नका, खोका टाकू नका. "८० टक्के सूट" हा आकडा छापील एमआरपीवर मोजलेला असतो, त्यामुळे तोच शूज इतर तीन ठिकाणी किती रुपयांना आहे ते बघूनच सौदा ठरवा.

"फर्स्ट कॉपी"च्या वाटेला जाऊ नका, हे कळकळीने सांगतो. वरून हुबेहूब दिसतं, पण नक्कल होते ती दिसणाऱ्या भागाची, आतल्या फोमची होत नाही. दीड हजारांत मोठ्या ब्रँडची नक्कल घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत एखाद्या देशी कंपनीचा खरा रनिंग शूज कितीतरी चांगला. वापरलेले शूजही धावण्यासाठी नकोत, फोम आधीच्या माणसाच्या पायाप्रमाणे दबलेला असतो.

घेतल्यावर

हे शूज फक्त धावण्यासाठी ठेवा. बाजारात, ऑफिसला, लोकलमध्ये तेच घातलेत तर फोमचं आयुष्य धावण्याआधीच खर्च होतं. पैसे वाचवण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा अंतर नेहमीच्या निम्मं ठेवा. रोज चपलेत वावरणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांना नव्या सोलच्या उंचीची सवय व्हायला वेळ लागतो.

पावसाळ्यात शूज भिजणारच, महापालिकेची वर्षा मॅरेथॉनसुद्धा भर पावसातली. घरी आल्यावर इनसोल आणि लेस काढा, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. दोन तासांनी बोळे बदला. कडक उन्हात ठेवू नका, वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच नको, उष्णतेने गोंद सुटतो. चिखल ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने काढा. दुसऱ्या दिवशी शूज ओलसरच असतील तर त्या दिवशी धावण्याऐवजी जिने चढा.

सोलची कड सुटली तर जवळच्या गटई स्टॉलवर चिकटवून आणि शिवून घ्या, थोड्या पैशांत काम होतं. फोम बसला तर मात्र शिवून काही होत नाही. तो बसल्याच्या खुणा अशा: बाजूच्या फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या पडतात, अंगठ्याने दाबलं तर तो कडक लागतो, तळाचं रबर एका बाजूने गुळगुळीत होतं, आणि काहीही बदललेलं नसताना नडग्या किंवा गुडघे दुखू लागतात. अशी जोडी बाजारहाटासाठी वापरा. नवी घेताना पाय पुन्हा मोजा, कारण वय, वजन आणि गरोदरपण यांमुळे पावलाचं माप बदलतं. आणि पहिल्या जोडीच्या तळाचा फोटो काढून न्या. कुठली बाजू जास्त झिजली आणि करंगळीजवळ कापड फाटलं का, हे विक्रेत्याला दाखवलंत तर पुढची जोडी निवडायला त्यालाही सोपं जातं.